सूर चालू, दार बंद

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार मायन्यापुरता नाही. मी खरोखरच पलंगावर पालथा पडून लिहितो आहे. कपाळापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळं टेकलेलं आहे आणि डॉक्टरांनी अजून आठवडाभर याच नमस्कारात राहायला सांगितलं आहे. मोठ्या बहिणीला इतका लांबलचक नमस्कार आपल्या घराण्यात आजवर कुणी घातला नसेल.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा मोतीबिंदू निघाला असं कळलं. आता त्यांना लख्ख दिसायला लागलं असेल तर तू जरा जपून; इतकी वर्षं त्यांना कोपऱ्यातली जळमटं दिसत नव्हती म्हणून तुमचा संसार सुखाचा झाला असं माझं मत आहे. यापुढे 'इकडे आम्ही सर्व कुशल आहोत' असं लिहायचं असतं. मी तसं लिहायला घेतलं होतं, पण 'कुशल'पाशी पेन अडलं. आम्ही कुशल नाही. तुझी भावजय ठणठणीत आहे, मी पालथा आहे आणि मुंगी माझ्याशी बोलत नाही. आज नववा दिवस.

मुंगी म्हणजे तुझी एकुलती एक भाची, वय सत्तावीस, हे तुला सांगायला नको. पण मला ते अधूनमधून स्वतःला सांगावं लागतं. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठी पिशवी ओढत घरभर फिरायची म्हणून तूच तिला ते नाव ठेवलंस. भांडली असती तर मला चाललं असतं. आपल्या घरात भांडणाला कुणी घाबरत नाही. पण ती माझ्याशी सभ्यपणे वागते आहे. नऊ दिवसांत एकच वाक्य माझ्या वाट्याला आलं, तेही दाराबाहेरून: 'आपली औषधं टेबलावर ठेवली आहेत.' जी पोरगी जन्मल्यापासून मला अरे बाबा म्हणत आली, तिने मला 'आपली' म्हणावं? औषधं माझीच होती, पण माझ्या घशाखाली ती उतरेनात.

आता हे सगळं कसं झालं ते सुरुवातीपासून सांगतो. सुरुवात माझ्या नोकरीपासून आहे आणि माझ्या नोकरीबद्दल तुझं मत मला ठाऊक आहे, तरी ऐक. आमच्या संगीत सभागृहाचा मुख्य डोअरकीपर म्हणून मला यंदा सव्वीस वर्षं झाली. माझ्याआधी त्या दारावर कुलूपकाका होते. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच धडा दिला: सूर चालू, दार बंद. वाजायला लागलं की माणूस आतून बाहेर येऊ शकतो (माणसाला अडचणी असतात), पण बाहेरून आत जाऊ शकत नाही. वादक थांबतील, टाळ्या पडतील, तेव्हाच दार उघडायचं. कारण कुणी विचारलं तर सांगायचं नाही, कारण सांगायला लागलं की माणूस वाद घालतो. या नियमावर मी नगराध्यक्षांना बावीस मिनिटं बाहेर उभं केलं आहे. एका संगीतकाराला त्याचीच रचना आत वाजत असताना बाहेर बसवलं आहे. तुझी भावजय तर आयुष्यात कुठे वेळेवर पोचलेली नाही, त्यामुळे तिने सव्वीस वर्षांत एकाही कार्यक्रमाचा पूर्वार्ध पाहिलेला नाही, आणि तिचं काही बिघडलंही नाही.

आणि तुला. ताई, हा विषय आपण दोघं कधी काढत नाही, पण आज काढतो. मुंगी वाद्यवृंदात बासरीला बसली त्या पहिल्याच कार्यक्रमाला तू मुद्दाम इतक्या लांबून आलीस, तुझी गाडी उशिरा आली, तू बॅगेसकट धापा टाकत दाराशी पोचलीस आणि मी तळहात पुढे केला. चाळीस मिनिटं तू लॉबीत बॅगेवर बसलीस. नंतर दोन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. (मात्र त्या दिवसापासून तू जिथे जाशील तिथे तासभर आधी पोचतेस असं भाऊजी सांगतात. ते हे गुण म्हणून सांगतात की तक्रार म्हणून, ते आवाजावरून कळत नाही.) त्या वेळी घरात सगळे माझ्यावर तुटून पडले होते. एकटी मुंगी म्हणाली होती की बाबाने बरोबर केलं, दार म्हणजे दार. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. आज सांगतो, कारण ते वाक्य मी गेले नऊ दिवस उशीवर नाक दाबून आठवतो आहे.

तर यंदा आमच्याकडे नव्या संचालिकाबाई आल्या. बाई हुशार आहेत, तरुण आहेत आणि रिकामी खुर्ची दिसली की त्यांना झोप लागत नाही. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे तीच ती शंभर म्हातारी माणसं येतात आणि तोच तो खोकला खोकतात. सभागृहात पोरंबाळं यायला हवीत. म्हणून 'सहकुटुंब अंतराळ महोत्सव' ठरला. लॉबीत आठ ग्रह उभे राहायचे, मुलांनी हातात पारपत्र घेऊन प्रत्येक ग्रहावर शिक्का मारून घ्यायचा, दुर्बिणीतून बघायचं (दुर्बीण छताखाली होती, त्यामुळे तीनशे मुलांनी आमच्या झुंबरावरची धूळ फार जवळून पाहिली), पुठ्ठ्याची रॉकेटं करायची आणि मग आत बसून वाद्यवृंदाचा खास कार्यक्रम ऐकायचा. कल्पना वाईट नव्हती हे मी आज पालथा असतानाही मान्य करतो. तिकीट-खिडकीवरच्या गृहस्थांनी मात्र प्लूटोला वगळलं म्हणून दोन दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं होतं. शेवटी त्यांना जिन्याखाली एक छोटा प्लूटो लावून दिला, तेव्हा ते जागेवर आले.

आम्हा डोअरकीपरांना अंतराळवीर केलं. चंदेरी डगला, चंदेरी बूट आणि डोक्यावर पारदर्शक काचेचं दिसणारं पण प्लास्टिकचं हेल्मेट, ज्याचं बक्कल मानेच्या मागे होतं. ते स्वतःचं स्वतःला काढता येत नाही. मी बाईंना विचारलं की मला शिंक आली तर. बाई म्हणाल्या, अंतराळात कुणी शिंकत नाही. तो विषय तिथेच संपला. हेल्मेटमध्ये आपलाच श्वास आपल्याला मोठ्याने ऐकू येतो आणि बाहेरचं जग रजई पांघरल्यासारखं दबून ऐकू येतं. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे सरबत. शेवटचा ग्रह नेपच्यून, तो निळा, म्हणून तिथे प्रत्येकाला मोठा पेला भरून निळं सरबत फुकट. फुकट म्हटल्यावर मुलांनी दोन-दोन पेले घेतले आणि मुलांनी टाकलेलं आईबापांनी संपवलं. तिसरी गोष्ट म्हणजे आतली रचना. ती बावन्न मिनिटांची होती, सूर्यापासून निघून शेवटच्या ग्रहाच्या पलीकडे जाणारी, आणि तिच्यात एकही थांबा नव्हता. हातातल्या छडीने वाद्यवृंद चालवणारे आमचे म्होरके, ज्यांना आम्ही छडीवाले म्हणतो, तालमीच्या वेळी माझ्यासमोर अभिमानाने म्हणाले होते की अंतराळात कुठे मध्यंतर असतं. मी मान डोलावली होती. निळं सरबत मला माहीत होतं, बावन्न मिनिटं मला माहीत होती आणि माझा नियम तर मला पाठच होता. या तिन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी-शेजारी बसल्या होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळख करून द्यायचं मला सुचलं नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. त्या रचनेच्या शेवटी सगळी वाद्यं एकेक करून थांबतात आणि एकटी बासरी उरते. सूर्यमालेच्या बाहेर निघालेलं एक लहानसं यान, मागे वळून न बघणारं. साडेतीन मिनिटं. हा भाग मुंगीला मिळाला. सात वर्षं ती दुसऱ्या बासरीच्या खुर्चीवर बसून पहिल्या बासरीची पानं उलटत होती. छडीवाल्यांनी दोघींना ऐकलं आणि म्हणाले, हा सूर दुसरीचा आहे, तिच्या फुंकरीत एकटेपणा आहे. (तो कुठून आला असेल याचा मी तेव्हा विचार केला नाही. आता वेळच वेळ आहे.) त्या दिवशी ती घरी आली आणि चपला न काढता माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, बाबा, तू मला कधी आतून ऐकलेलं नाहीस. ते खरं आहे, ताई. सात वर्षांत तिचा प्रत्येक सूर मी दोन इंच जाड लाकडातून ऐकला आहे. मी तिला वचन दिलं की या वेळी मी आत बसेन, दार गॅलरीवाला सांभाळेल. तिने सातव्या रांगेतली बारा नंबरची खुर्ची धरली, जिथून ती बसते ती जागा सरळ दिसते, आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने 'राखीव' असा कागद चिकटवला.

गॅलरीवाला म्हणजे माझा सहकारी. पूर्वी वरच्या गॅलरीच्या दारावर होता म्हणून ते नाव. एकोणीस वर्षं मी त्याला तयार केला आहे, माणूस सोन्यासारखा आहे, फक्त मन मऊ आहे. ठरल्याप्रमाणे सकाळी अकराला आठशे बारा माणसं आत गेली (माझ्या हातात अंगठ्याने दाबायचं मोजणीयंत्र असतं, त्यामुळे हा आकडा पक्का समज). तिसरी घंटा झाली. तिसऱ्या घंटेनंतर कुणालाही सोडायचं नाही. तेवढ्यात जिन्यावरून एक कुटुंब रॉकेट सांभाळत धावत आलं आणि गॅलरीवाल्याने माझ्या डोळ्यांदेखत त्यांना हळूच आत सोडलं (आठशे बारात तेही धरले आहेत). वाजायला अजून अर्धं मिनिट होतं, कुणाचं काही बिघडलं नाही, पण पुढचं मला दिसायला लागलं. हा माणूस आज बावन्न मिनिटांत पन्नास वेळा दार उघडणार आणि मुंगीच्या भागात कुणीतरी बाहेरून करकरणारा पुठ्ठा घेऊन आत शिरणार. मी त्याला आत ढकललं, म्हटलं तू आतली बाजू सांभाळ, बाहेर मी आहे, फक्त पहिली पाच मिनिटं; गाडं रुळावर आलं की मी आत येतो.

दार लागलं. आत नगाऱ्यावर पहिला ठोका पडला. आणि त्या ठोक्याबरोबर माझ्या लक्षात आलं की सूर चालू झाले आहेत, दार बंद आहे आणि मी बाहेर आहे. सव्वीस वर्षांत मी हजारो माणसांना बाहेर ठेवलं, पण स्वतःला कधी ठेवलं नव्हतं. तू म्हणशील, शहाण्या, तुझंच दार, तुझाच नियम, तुझाच हात, उघडायचंस आणि जायचंस. हे मला तुझी भावजय, डॉक्टर आणि औषधाच्या दुकानातला माणूस, तिघांनीही सांगून झालं आहे. पण ज्या तळहाताने तुला अडवलं, त्याच हाताने मी स्वतःसाठी दार उघडलं असतं, तर तुला अडवलं ते कशासाठी? मी हे तेव्हा मनाशी म्हणालो आणि मला ते फार मोठं वाटलं. आता तितकंसं वाटत नाही.

सहाव्या मिनिटाला पहिली मुलगी बाहेर आली, डोक्यावर दोन स्प्रिंगा, पाय एकमेकांत घट्ट गुंतवलेले. ती स्वच्छतागृहाकडे पळाली. आठव्या मिनिटाला ती परत आली आणि मी तळहात पुढे केला. नवव्या मिनिटाला तिला शोधत तिचे वडील आले, दहाव्याला त्यांना शोधत आई आली, आणि मग बांध फुटला. मुलं बाहेर, मुलांमागे आईबाप बाहेर, आईबापांमागे आजी-आजोबा बाहेर, आणि आत जायला कुणीच नाही. उंदराच्या पिंजऱ्याचं दार जसं एकाच बाजूला उघडतं तसं माझं दार त्या दिवशी चालत होतं. पंधराव्या मिनिटाला बाहेर त्रेचाळीस माणसं होती, पंचविसाव्याला दोनशे साठ. डावा अंगठा दुखायला लागला म्हणून मी यंत्र उजव्या हातात घेतलं. यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे कुणी आरडाओरडा केला नाही. चंदेरी डगल्यातला, हेल्मेटमधला उंच माणूस ओठांवर बोट ठेवतो म्हटल्यावर लोकांना वाटलं की हाही कार्यक्रमाचाच भाग असणार. शेकडो माणसं लॉबीत आठ ग्रहांच्या मध्ये दाटीवाटीने उभी राहून कुजबुजत होती. कुणी एकानं जरी माझी गचांडी धरली असती तरी आज मी सरळ बसून हे पत्र लिहीत असतो.

एक आजी तेवढी माझा पिच्छा सोडत नव्हती. तिच्या चार वर्षांच्या नातीने सरबत प्यायच्या आधीच आजीच्या मांडीवर सांडलं होतं. ती डाग धुवायला एक मिनिट म्हणून बाहेर आली आणि अडकली. नात आत एकटी. मी तिला सांगितलं की थांबा आला की लगेच सोडतो. थांबा येणारच नव्हता हे मला माहीत होतं. ताई, मी त्या बाईशी चक्क खोटं बोललो. तिने माझ्या हेल्मेटवर दोन बोटांनी टकटक केली, दार ठोठावतात तशी.

"तुम्हाला मूलबाळ आहे का हो?"

"आहे. एक मुलगी. आतच आहे."

"मग तुम्ही बाहेर काय करताय?"

मी ओठांवर बोट ठेवलं, दुसरं काही येत नव्हतं म्हणून.

तिसाव्या मिनिटाला खुद्द संचालिकाबाई बाहेर आल्या, आतल्या खुर्च्या भराभर रिकाम्या का होताहेत ते बघायला. लॉबीत पाऊल टाकलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाल्या, दार उघडा, सगळ्यांना आत सोडा. मी तळहात पुढे केला. त्या म्हणाल्या, मी संचालिका आहे. मी म्हटलं, होय बाई, सूर चालू आहेत. त्या गुरूच्या पायाशी असलेल्या लाकडी ठोकळ्यावर जाऊन बसल्या. त्यांनी मला तेव्हाच हाकलून द्यायला हवं होतं. बहुधा माणसाला इतका मूर्ख माणूस पहिल्यांदा भेटला की काय करावं ते सुचत नाही.

मग एकेक करून वाद्यं थांबली. आधी पितळी वाद्यं, मग नगारे, मग व्हायोलिनं. लॉबी आपोआप गप्प झाली. मला कळलं की आता मुंगीची वेळ झाली आहे. माझ्या यंत्रावर बाहेर आलेल्यांचा आकडा होता आठशे एक. म्हणजे आत, जवळजवळ रिकाम्या सभागृहासमोर, माझी मुलगी अकरा माणसांसाठी उभी होती आणि बाकीचे सगळे मी बाहेर गोळा करून ठेवले होते, जणू ती वाजवत असताना तिला कुणी ऐकू नये याचाच मला पगार मिळतो. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. तो हात तसाच राहिला. मी सूर ऐकायला दाराला कान लावला, तर कान हेल्मेटमध्ये. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता. मानेमागचं बक्कल सुटेना. दोन इंच लाकडातून सात वर्षं ऐकलं होतं ते सुद्धा त्या दिवशी माझ्या नशिबी नव्हतं. साडेतीन मिनिटं मी दाराला डोकं टेकून उभा होतो आणि ताई, मी रडत होतो; आतून काच धुरकटली म्हणून कुणाला दिसलं नाही एवढंच.

कार्यक्रम संपला की आतल्या माणसाने दार धाडकन उघडायचं, ही पद्धत मीच घालून दिलेली. गॅलरीवाल्याने ती पाळली. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. ते माझ्या हेल्मेटवर आदळलं, मी मागे कोलमडलो तो थेट शनीवर, आणि शनीची प्लायवुडची कडी सुटून माझ्या कमरेत बसली. लोकांना शनी साडेसात वर्षं छळतो असं म्हणतात. मला त्याने सगळं एकदाच दिलं. खाली पडल्या-पडल्या मला उघड्या दारातून रंगमंच दिसला. मुंगी बासरी खाली घेऊन उभी होती. अकरा माणसांपैकी चौघे झोपलेले होते. सातव्या रांगेतल्या बाराव्या खुर्चीवर कागद तसाच होता. आणि पुढच्या रांगेत ती चार वर्षांची नात खुर्चीवर उभी राहून एकटीच टाळ्या वाजवत होती. मुंगीने तिला वाकून नमस्कार केला, अगदी पूर्ण, आठशे माणसांना करतात तसा.

गॅलरीवाल्याने नंतर मला सांगितलं की वाजवायच्या आधी तिने एकदा बारा नंबरकडे पाहिलं आणि मग डोळे मिटून घेतले. तो म्हणाला, कसं वाजवलं विचारू नका साहेब, मला सांगता येणार नाही.

संचालिकाबाईंनी लेखी खुलासा मागितला. मी एक पानभर लिहिलं की दोष सर्वस्वी माझा आहे, आणि तो नियम आजपासून रद्द करावा, मी स्वतः तो सव्वीस वर्षं पाळून पाहिला आहे आणि तो माणसांच्या उपयोगाचा नाही. मला दारावरून काढून छत्र्या-कोट ठेवायच्या खोलीत पाठवलं तरी माझी हरकत नाही. हे लिहिताना मला कुलूपकाका डोळ्यांसमोर दिसत होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. घरात मुंगी रोज बंद खोलीत सराव करते. मी इथे पालथा पडून ऐकतो. तेही दारातूनच.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना जप.

तुझा, सर्व अर्थांनी खाली पडलेला,
धाकटा भाऊ

ता. क. — इतकं पाल्हाळ लावलं ते खरं म्हणजे एक गोष्ट विचारायला धीर होत नव्हता म्हणून. तू दोन वर्षं बोलली नव्हतीस. मग एका सकाळी तुझा फोन आला, तू विचारलंस, तिकडे हवा कशी आहे, मी म्हटलं, बरी आहे, आणि आपलं सुरू झालं. मी तुला कधी विचारलं नाही की त्या सकाळी काय झालं होतं. मी काही केलं होतं का? कुणी काही सांगितलं होतं का? की नुसते दिवस भरले? जे असेल ते कळव. नुसते दिवसच भरायचे असतील तर तेही कळव, म्हणजे मी वाट बघेन. पण माझं वय लक्षात घे, दोन वर्षं मला जरा जास्त वाटतात.

ता. क. २ — पत्र दोन दिवस उशीखालीच राहिलं (पोस्टात टाकायला उठता येत नाही आणि ज्या एका व्यक्तीला सांगावं ती बोलत नाही), तेवढ्यात हे घडलं. आज सकाळी औषधांच्या डबीखाली एक तिकीट होतं. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी अकराला तोच कार्यक्रम पुन्हा होणार आहे, ज्यांचा हुकला त्यांच्यासाठी. सातवी रांग, बारा नंबर. मागे मुंगीच्या अक्षरात दोनच शब्द: 'वेळेवर ये.' याला बोलणं म्हणायचं की नाही हे मला ठरवता येत नाही. तुझी भावजय म्हणते की ठरवत बसू नका, जा. सरबत रद्द झालं आहे. छडीवाल्यांनी थांबा द्यायला साफ नकार दिला. आणि माझ्या खुलाशावर संचालिकाबाईंनी शेरा मारला आहे की त्या बावीस मिनिटं लॉबीत बसल्या होत्या आणि त्या दिवशी इमारतीत ठरल्याप्रमाणे चाललेली एकच गोष्ट म्हणजे माझं दार, म्हणून नियम कायम. मी कपाळाला हात लावायला गेलो तर तो उशीत अडकला.

ता. क. ३ — म्हणजे तू शनिवारीच ये. डॉक्टर रविवारी काठी घेऊन चालू देणार आहेत, पण सभागृहाच्या पायऱ्या चौदा आहेत, माझा वेग तुझ्या गुडघ्यांसारखा झाला आहे आणि मला तिथे पोचवण्याचं काम तुझ्या भावजयीवर सोपवलं तर काय होईल ते तुला माहीत आहे. आपल्या घरात वेळेआधी पोचणारी तू एकटीच. तेरा नंबर तुझ्यासाठी धरला आहे. गॅलरीवाला काल बघायला आला होता (आज पुन्हा येईल तेव्हा हे पत्र तोच पोस्टात टाकेल); रविवारी दारावर तोच आहे. मी गमतीने विचारलं की समजा मला एक मिनिट उशीर झाला तर. तो म्हणाला, साहेब, तुम्हीच शिकवलंय. तेव्हा शनिवारची गाडी पकड. रविवार सकाळची पकडू नकोस, ती उशिरा येते, आणि या वेळी आपण दोघंही बाहेर राहू.